व्हाइन येथील वाडा व त्यांतील प्रार्थनामंदिर

आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांची कथा आपल्याकडे इंग्लंडचा इतिहास वाचलेल्या बहुतेकांना ठाऊक असते. कोणत्या राणीला टाकलें, कोणतीचा शिरच्छेद झाला, पोपशीं वैर करून राजानें देशाचा धर्म आपल्या मुठींत कसा घेतला, हें सारें शाळेच्या पुस्तकांतूनहि येतें. परंतु राजाची मर्जी अशी वर्षावर्षाला फिरत असतां त्याच्या दरबारांत मान, वतनें आणि चाकरी सांभाळून राहणाऱ्या माणसांची काय अवस्था झाली असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. आज ज्या राणीपुढें सर्वांनीं गुडघे टेकावयाचे, तिला राणी म्हणणेंच उद्यां राजद्रोह ठरावयाचें. मग ज्यानें आपल्या घराच्या भिंतीवर तिचें चिन्ह मोठ्या अभिमानानें कोरून घेतलें आहे, त्यानें काय करावें? तें खरवडून काढावें, कीं राहूं द्यावें?

या प्रश्नाला एका मानकऱ्यानें दिलेलें उत्तर अद्यापि पाहावयास मिळतें. हॅम्पशायर परगण्यांत बेसिंगस्टोक गांवाच्या उत्तरेस, शेरबोर्न सेंट जॉन या खेड्याच्या हद्दींत, 'दि व्हाइन' म्हणजे 'द्राक्षवेल' या नांवाचा एक जुना वाडा आहे. लांबट, तांबड्या विटांचा. विटांच्या रांगांत मधून मधून काळसर विटा घालून चौकटीची नक्षी काढलेली. उत्तरेच्या अंगास तळें, त्याच्या कांठीं हिरवळ, आणि त्या हिरवळीकडे तोंड करून उभा असलेला एक उंच स्तंभमंडप. तांबड्या विटांच्या साध्या भिंतीपुढें हा रोमन देवळासारखा मंडप पाहून प्रथम आश्चर्यच वाटतें. कारण भिंत एका युगाची आणि मंडप दुसऱ्या युगाचा, हें सांगावयास शिल्पशास्त्रज्ञ लागत नाहीं. वाड्याच्या पूर्वेच्या टोकास प्रार्थनामंदिर आहे. इंग्लंडांतील मोठ्या घराण्यांच्या वाड्यांत असें खासगी प्रार्थनामंदिर असे व त्यांत घरची माणसें आणि चाकरमाणसें मिळून उपासना करीत. आपल्या वाड्यांतील देवघराशीं त्याचें नातें ध्यानांत येण्याजोगें आहे. मात्र आकारानें तें लहानशा देवळाएवढें असतें.

हा वाडा ज्यानें आजच्या रूपास आणला तो विल्यम सॅण्डिस. त्याच्यापूर्वींहि येथें घर होतेंच. परंतु जॉन लीलंड या समकालीन प्रवाशानें लिहून ठेविलें आहे कीं, सॅण्डिसनें जुन्या घराचा कायापालट केला, त्याचा विस्तार केला, पुढें एक मोठा चौक बांधला, आणि त्यामुळें साऱ्या हॅम्पशायरांतील प्रमुख वास्तूंत त्याची गणना होऊं लागली. सॅण्डिस हा शिपाईबाण्याचा आणि तितकाच कारभारीहि माणूस होता. १५१७ सालीं तो कॅले येथील खजिन्याचा अधिकारी झाला. १५२० सालीं फ्रान्सच्या राजाशीं हेन्रीची जी सुप्रसिद्ध भेट झाली, जिला तिच्या थाटामुळें 'जरतारी वस्त्रांचें मैदान' असें नांव पडलें, तिची तयारी करणाऱ्यांत तो होता. १५२३ सालीं त्याला बॅरन ही पदवी मिळाली आणि १५२६ सालीं लॉर्ड चेंबरलेन हें राजगृहांतील अत्यंत मानाचें पद त्याजकडे आलें. कॅलेहून फ्लँडर्स जवळ. तेव्हां तिकडील कारागिरांची कला त्याच्या नित्य पाहण्यांत होती. व्हाइनच्या वास्तूंत इंग्लंडची वीट आणि फ्लँडर्सची कांच व कौलें एकत्र आलीं त्याचें कारण हेंच असावें.

सॅण्डिसच्या वेळच्या बांधणीपैकीं दोन भाग आज विशेष पाहण्यासारखे आहेत. पहिला पश्चिमेच्या अंगाचें वरच्या मजल्यावरील लांबच लांब दालन. पावसाळी दिवसांत फेऱ्या मारण्यासाठीं, पाहुण्यांशीं बोलत बसण्यासाठीं अशीं दालनें त्या काळीं नव्यानेंच बांधूं लागले होते. आणि इंग्लंडांत आज टिकून राहिलेल्या अशा दालनांत हें फार जुन्यांपैकीं एक आहे. जमिनीपासून छतापर्यंत त्याच्या भिंतींना ओक लांकडाच्या फळ्या मढविल्या आहेत. प्रत्येक फळीवर घडी घातलेल्या तलम कापडाच्या चुण्यांसारखें कोरीव काम आहे, आणि त्या चुण्यांच्या वर व खालीं लहान लहान चिन्हें कोरलेलीं आहेत. हीं चिन्हें म्हणजे त्या वेळच्या दरबाराची हजेरीच होय. ट्यूडर घराण्याचा गुलाब आहे. सॅण्डिसचा स्वतःचा खडबडीत क्रूस आहे. मुख्य प्रधान कार्डिनल वुल्झी याची टोपी आहे. आणि ॲरागॉनची कॅथरिन, हेन्रीची पहिली राणी, हिचें डाळिंब आहे. १५२० नंतरच्या त्या दशकांत ज्या कोणाच्या कृपेवर सॅण्डिसचा उत्कर्ष अवलंबून होता, त्या सर्वांना त्यानें ओकाच्या लांकडांत मानाचें स्थान दिलें.

दुसरा भाग प्रार्थनामंदिर. त्याची पूर्वेकडील भिंत सरळ नसून तीन पाखांची आहे आणि प्रत्येक पाखांत एक उंच खिडकी आहे. या तीन खिडक्यांतील रंगीत कांचचित्रें हें व्हाइनचें सर्वांत मोठें धन. सोळाव्या शतकांतील कांचकामाचा असा सुंदर नमुना इंग्लंडांत फार थोड्या ठिकाणीं राहिला आहे. वरच्या भागांत ख्रिस्त क्रूस वाहून नेत आहे, त्याला क्रूसावर चढविलें आहे, आणि तो थडग्यांतून पुन्हां उठला आहे, असे तीन प्रसंग आहेत. खालच्या भागांत तीन राजमस्तकें प्रार्थनेंत नम्र झालेलीं दिसतात : राजा आठवा हेन्री, त्याची राणी कॅथरिन आणि त्याची बहीण स्कॉटलंडची राणी मार्गारेट. प्रत्येकाजवळ त्याच्या नांवाचा संत उभा आहे. हेन्रीजवळ सम्राट संत हेन्री, कॅथरिनजवळ संत कॅथरिन, मार्गारेटजवळ संत मार्गारेट. चित्रकारांचा हात फ्लँडर्सचा आहे; वस्त्रांच्या चुण्या, मागील इमारतींच्या कमानी, चेहऱ्यांवरील छाया हें सर्व त्या वेळीं युरोपांत नव्यानें उमललेल्या कलेचें आहे. खालीं जमिनीवर कांहीं भागांत अँटवर्पच्या कुंभारांनीं घडविलेलीं चकचकीत रंगीत कौलें बसविलेलीं आहेत. त्यांवर माणसांचे चेहरे, पशुपक्षी व पानेंफुलें काढलेलीं आहेत. दोन्ही बाजूंस ओकाचीं कोरीव बैठकें आहेत. सकाळचें ऊन पूर्वेच्या खिडक्यांतून आलें म्हणजे राजाच्या झग्याचा रंग या बैठकांवर पडतो.

हेन्री या वाड्यांत प्रथम १५१० सालीं, म्हणजे राज्यावर आल्यानंतर वर्षभरानेंच, येऊन गेला होता. ऑक्टोबर १५३५ मध्यें तो पुन्हां आला. पण या वेळीं त्याच्या सोबत कॅथरिन नव्हती, ॲन बोलीन होती. या दोन भेटींच्या मध्यें इंग्लंड उलटेंपालटें झालें होतें. वुल्झीचा पाडाव होऊन तो १५३० सालीं मरण पावला होता. १५३३ सालीं ॲनला राणीपदाचा अभिषेक झाला, आणि कॅथरिन ही राणी नसून राजाच्या वडील भावाची विधवा आहे असें ठरविण्यांत आलें. १५३४ च्या कायद्यानें राजा हाच इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा प्रमुख झाला. हें मान्य करावयास तयार नसलेले बिशप फिशर आणि सर टॉमस मोर यांचीं मस्तकें याच वर्षीं, जून व जुलै महिन्यांत, कुऱ्हाडीखालीं गेलीं होतीं. कॅथरिन अद्याप जिवंत होती. परंतु किंबोल्टनच्या गढींत, दरबारापासून दूर, एकाकी. तिला आयुष्याचे तीनच महिने उरले होते.

अशा वेळीं यजमान म्हणून दारांत उभा राहिलेला सॅण्डिस मनानें कोणत्या पक्षाचा होता? कॅथरिनचा भाचा सम्राट पांचवा चार्ल्स याचा लंडनमधील वकील शापुई याच्या पत्रव्यवहारावरून तें उघड दिसतें. त्याच वर्षाच्या आरंभीं सॅण्डिस आजारपणाची सबब सांगून दरबारापासून दूर आपल्या घरीं राहिला होता, आणि आपल्या वैद्याच्या द्वारें त्यानें वकिलाकडे गुप्तपणें सहानुभूतीचा निरोप पाठविला होता. म्हणजे ॲन बोलीन ज्याच्या घरीं पाहुणी म्हणून उतरली, त्याची निष्ठा टाकलेल्या राणीशीं होती. आणि त्या घराच्या वरच्या दालनांत, ओकाच्या फळ्यांवर, वुल्झीची टोपी व कॅथरिनचें डाळिंब जसेंच्या तसें होतें. नव्या राणीची नजर त्यांवर गेली असेल का, गेली असल्यास ती काय बोलली असेल, याची नोंद कोणीं करून ठेविलेली नाहीं. चिन्हें मात्र आजहि तेथेंच आहेत.

कांचचित्रांविषयीं एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. हीं चित्रें मुळापासून व्हाइनच्याच प्रार्थनामंदिरांतील आहेत, कीं बेसिंगस्टोक येथें सॅण्डिसनें बांधलेल्या दुसऱ्या प्रार्थनामंदिरांतून पुढें येथें आणलीं आहेत, याविषयीं तज्ज्ञांत एकमत नाहीं. बेसिंगस्टोकचें तें मंदिर आज रेल्वे स्टेशनाजवळील स्मशानभूमींत भग्नावस्थेंत उभें आहे. पण दोन्ही वास्तु सॅण्डिसच्याच. चित्रें कोणत्याहि खिडकींत असोत, राजाच्या सोबत प्रार्थना करणाऱ्या कॅथरिनची मूर्ति काढून तेथें दुसरा तुकडा बसविण्याचें काम त्यानें केलें नाहीं, एवढें निश्चित. राजाच्या स्वतःच्या वाड्यांत काय झालें तें पाहिलें म्हणजे याचें महत्त्व कळतें. तेथें एका राणीचीं चिन्हें काढून दुसरीचीं लावण्याचें काम सुतार-पाथरवटांना पुन्हां पुन्हां करावें लागलें. ॲनचा शिरच्छेद झाल्यावर तिचीं चिन्हेंहि अशींच काढून टाकलीं गेलीं. हॅम्पटन कोर्टच्या मोठ्या सभागृहांत हेन्री व ॲन यांचीं आद्याक्षरें गुंफलेलीं कांहीं नजरचुकीनें राहून गेलीं तेवढींच.

परंतु सॅण्डिसला निर्भय वीर ठरविणें सत्यास धरून होणार नाहीं. मे १५३६ मध्यें ॲनला पकडून टॉवर किल्ल्यांत नेण्यांत आलें तेव्हां सोबत गेलेल्या सरदारांत तो होता, आणि १५ मे रोजीं तिला दोषी ठरविणाऱ्या सव्वीस उमरावांतहि त्याचें नांव आहे. सात महिन्यांपूर्वीं जी त्याच्या घरीं पाहुणी होती, तिच्याविरुद्ध त्यानें मत दिलें. त्याच वर्षीं मठांची मालमत्ता जप्त होऊं लागली तेव्हां चेल्सी व पॅडिंग्टन येथील आपल्या जमिनींच्या मोबदल्यांत त्यानें मॉटिस्फॉन्ट येथील मठ पदरांत पाडून घेतला, आणि त्या मठाच्या चर्चच्या मुख्य भागालाच राहत्या घराचें स्वरूप दिलें. एका हातानें वाड्यांत देवघर बांधणारा हा माणूस दुसऱ्या हातानें देवघराचा वाडा करीत होता. त्याच्या मनांत जुना धर्म होता, डोक्यावर राजाचा हुकूम होता, आणि समोर वतनाचा मोह होता. अशा काळांत बहुतेक माणसें अशींच जगतात. जेथें बोलावयास पाहिजे तेथें तो गप्प बसला. पण जें कोरून ठेविलें होतें तें खोडावयासहि तो गेला नाहीं. डिसेंबर १५४० मध्यें तो मरण पावला व बेसिंगस्टोकच्या आपल्या प्रार्थनामंदिरांत त्याला पुरण्यांत आलें.

यापुढें शंभर वर्षांनीं राजा आणि संसद यांचें युद्ध जुंपलें. व्हाइनपासून थोड्याच मैलांवर बेसिंग हाउस हा पॉलेट घराण्याचा अतिप्रचंड वाडा होता. तो राजपक्षाचा बालेकिल्ला झाला. १६४३ पासून दोन वर्षें त्यानें वेढे सोसले, आणि अखेर ऑक्टोबर १६४५ मध्यें क्रॉम्वेलनें तो जिंकून लुटला व पुढें त्याचे दगडहि जाग्यावर ठेविले नाहींत. सॅण्डिसचे वंशजहि राजाच्या पक्षाचे. त्यांच्या व्हाइनच्या वाड्यांत संसदेच्या सैन्याचा मुक्काम पडला होता. वाडा वांचला, पण घराणें खंगलें. १६५३ सालीं त्यांनीं तो विकून टाकला.

विकत घेणारा चॅलोनर चूट हा त्या वेळचा एक नामांकित वकील. तो संसदेच्या बाजूचा. पण वकील म्हणून त्याचें वर्तन पाहिलें तर पक्षापेक्षां न्यायाची चाड त्याला अधिक होती असें दिसतें. संसदेनें ज्याच्यावर प्राणावरचा खटला चालविला, त्या आर्चबिशप लॉडच्या बचावासाठीं नेमलेल्या वकिलांत तो होता. आणि १६४७ सालीं सैन्याचा रोष ज्यांच्यावर झाला त्या अकरा सभासदांचीहि बाजू त्यानें मांडली. अशा माणसाच्या हातीं व्हाइन आलें. त्याला एवढ्या विस्ताराचें घर नको होतें. त्यानें सॅण्डिसच्या वेळचे पुष्कळसे चौक व ओवऱ्या पाडून वाडा आटोपशीर केला. आज आपण पाहतों तें सॅण्डिसच्या मूळ विस्ताराचा एक भाग आहे. हें नुकसान लहान नव्हे. मात्र पाडतांना त्यानें ओकाचें दालन राखलें आणि प्रार्थनामंदिरहि राखलें. त्या वर्षांत इंग्लंडभर देवळांतील चित्रविचित्र खिडक्या मूर्तिपूजेच्या खुणा म्हणून फोडल्या गेल्या होत्या, हें लक्षांत घेतां त्याच्या या संयमाचें मोल ध्यानांत येतें.

नव्या बांधकामासाठीं त्यानें जॉन वेब या शिल्पज्ञास बोलाविलें. इनिगो जोन्स या थोर शिल्पज्ञानें इटलीतील वास्तुकला इंग्लंडांत आणली, आणि वेब हा त्याचा पट्टशिष्य. गुरु १६५२ सालीं वारला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १६५४ मध्यें, व्हाइनच्या उत्तर बाजूस स्तंभमंडप बांधण्याचें काम सुरू झालें. कॉरिंथियन पद्धतीचे दोन मजले उंच स्तंभ, त्यांच्या माथ्यावर त्रिकोणी शिखरपट्टी. प्राचीन रोमच्या देवळाचा दर्शनी भागच जणूं उचलून आणला. इंग्लंडांतील खेड्यापाड्यांच्या वाड्यांना जोडलेल्या अशा मंडपांत हा पहिला होय असें मानलें जातें. पुढें अठराव्या शतकांत जिकडे तिकडे असे मंडप झाले. त्यांचा धडा येथें घातला गेला. जवळ जाऊन पाहिलें तर त्यांत थोडी काटकसरहि दिसते. स्तंभ विटांचे असून वर गिलावा आहे. त्यांचे कोरीव माथे तेवढे दगडाचे, आणि शिखरपट्टी लांकडाची. पण वेबला प्रमाणाचें ज्ञान इतकें होतें कीं, दुरून हा लटका डामडौल आहे असें कोणास वाटूं नये.

चूटनें हें वैभव फार दिवस भोगलें नाहीं. जानेवारी १६५९ मध्यें, ऑलिव्हर क्रॉम्वेलच्या मुलाच्या कारकीर्दींत भरलेल्या संसदेनें त्याला कॉमन्स सभेचा सभापति निवडलें. इंग्लंडांत त्या वेळीं राजाच नव्हता. सभेचें काम अहोरात्र चाले. त्या श्रमानें त्याची प्रकृति ढासळली आणि एप्रिल महिन्यांत तो मरण पावला. त्याचें दफन चिझिक येथें झालें.

वाड्याच्या इतिहासांतील तिसरा मोठा पुरुष म्हणजे त्याचाच वंशज जॉन चूट. याला व्हाइन मिळालें तें १७५४ सालीं, वयाच्या पन्नाशीनंतर, भाऊ वारल्यावर. तरुणपणाचीं पुष्कळ वर्षें त्यानें इटलींत घालविलीं होतीं; तेथेंच होरेस वॉल्पोल व कवि टॉमस ग्रे यांच्याशीं त्याचा स्नेह जडला. वॉल्पोलनें पुढें लंडनजवळ स्ट्रॉबेरी हिल हें गॉथिक धर्तीचें विलक्षण घर बांधलें, त्याचे आराखडे करणाऱ्या मित्रमंडळांत जॉन चूट अग्रभागीं होता. मित्राचा वाडाहि असाच गॉथिक व्हावा अशी वॉल्पोलला मोठी हौस. १७५५ सालीं त्यानें व्हाइनमध्यें काय काय फेरफार करावे याची एक यादीच लिहून काढली. जॉन चूटनें ती सबंध कधींच अमलांत आणली नाहीं. प्रार्थनामंदिराच्या पुढची खोली त्यानें गॉथिक केली, कारण मंदिराशीं तेंच शोभण्यासारखें होतें. परंतु वाड्याच्या मध्यभागीं, १७७० च्या सुमारास, त्यानें जो जिना बांधला तो पूर्णपणें रोमन वळणाचा : नक्षीदार स्तंभांच्या रांगा, वर गॅलऱ्या, नाटकाच्या पडद्यावर शोभावा असा. लांकूडकामाचा थाट सॅण्डिसच्या दालनाच्या तोडीचा आहे. भाषा मात्र निराळी. मित्राच्या आग्रहापेक्षां घराच्या प्रत्येक भागाला काय साजतें हें पाहण्याचें तारतम्य त्याच्या ठिकाणीं होतें, हें यावरून दिसेल.

या जीर्णोद्धाराशीं हिंदुस्थानचाहि एक आडवळणाचा धागा जुळतो. प्रार्थनामंदिरासाठीं गॉथिक कमानी व जाळीदार छत यांचें आभासचित्र कापडावर रंगविण्याचें काम जॉन चूटनें स्पिरिडिओने रोमा या चित्रकाराकडे दिलें. कॉर्फू बेटावरून आलेला हा चित्रकार पुढें १७७८ सालीं लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीच्या छतासाठीं एक चित्र काढता झाला. त्यांत पूर्वेकडील देश ब्रिटानियेच्या चरणीं आपली संपत्ति अर्पण करीत आहेत. हिंदुस्थानची स्त्रीरूप मूर्ति मोत्यांचें नि रत्नांचें तबक पुढें करून वांकली आहे. व्हाइनच्या मंदिरांत ज्या हातानें नसलेल्या कमानींचा भास निर्माण केला, त्याच हातानें लुटीला नजराण्याचा भास दिला. आणि तें चित्र आज लंडनच्या परराष्ट्र कचेरींत आहे.

जॉन चूटचें शेवटचें काम प्रार्थनामंदिराला लागून असलेल्या समाधिगृहाचें. आपला पूर्वज सभापति चॅलोनर चूट याचें स्मारक त्यानें येथें आरंभिलें. शिल्पकार टॉमस कार्टर यानें संगमरवरांत चॅलोनरची मूर्ति घडविली. वकिली झग्यांतील तो प्रौढ पुरुष वेताच्या चटईवर कोपर टेंकून पहुडला आहे. त्या चटईची वीण न् वीण संगमरवरांत उमटली आहे. काम पुरें होण्यापूर्वींच, १७७६ सालीं, जॉन वारला. त्याला मूल नव्हतें. त्यानें ज्या पूर्वजासाठीं एवढें मंदिर उभारलें त्याचा देह त्याखालीं नाहीं, कारण, वर सांगितल्याप्रमाणें, तो चिझिकला पुरला आहे. समाधि रिकामी आहे.

येथें क्षणभर थांबून या टोंकाचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. खिडकींत राजा हेन्री आणि त्यानेंच टाकलेली राणी एकाच चौकटीच्या आश्रयानें प्रार्थना करीत आहेत. चार पावलांवर, भिंतीच्या पलीकडे, ज्या संसदेच्या डोक्यावर राजाच नव्हता तिचा सभापति विसावला आहे. या तिघांपैकीं एकाचाहि पक्ष दुसऱ्याला मान्य झाला नसता. आणि तरी चूट घराण्यानें समाधीला जागा करण्यासाठीं खिडकी हलविली नाहीं, किंवा खिडकीच्या मानासाठीं आपल्या पूर्वजाला दूर ठेविलें नाहीं.

यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. वाड्याच्या आसपासचा परगणा पुढें कथालेखिका जेन ऑस्टिन हिच्या कुटुंबाचा; तिचा वडील भाऊ जेम्स १७९१ पासून शेरबोर्न सेंट जॉनचा धर्मोपदेशक होता, व व्हाइनच्या मंडळींशीं त्याचें येणेंजाणें होतें. एकोणिसाव्या शतकांत वाडा चूट घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे गेला, आणि १८८८ सालीं घराण्यांतील एका गृहस्थानें त्याचा सविस्तर इतिहास लिहून प्रसिद्ध केला. शेवटचे मालक सर चार्ल्स चूट यांना अपत्य नव्हतें. १९५६ सालीं त्यांच्या मृत्युपत्रानें वाडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला व सर्व लोकांना खुला झाला. २०१४ च्या वादळी हिवाळ्यानंतर जुन्या छपरांतून पाणी झिरपून आंतील लांकूडकाम व वस्तु धोक्यांत आल्या. तेव्हां सुमारें ५४ लाख पौंड खर्चून छप्पर उलगडण्यांत आलें आणि २०१८ पर्यंत सुमारें ७१,००० कौलें पुन्हां बसविण्यांत आलीं. काम चालू असतां छपराच्या उंचीवर एक मार्ग बांधून पाहुण्यांनाहि तें पाहूं देण्यांत आलें. राजाच्या मर्जीपासून जें वांचलें, तें पावसाच्या पाण्यापासून वांचविण्याची पाळी आमच्या काळावर आली, एवढेंच.

वास्तुकलेचा अभ्यासक व्हाइनला जातो तो बहुधा वेबच्या स्तंभमंडपासाठीं. रंगीत कांचेचा भोक्ता जातो तो खिडक्यांसाठीं. दोघांचीहि फसगत होत नाहीं. परंतु प्रस्तुत लेखकाला या वाड्याचें खरें महत्त्व वाटतें तें वेगळ्याच कारणानें. येथें तीन माणसांनीं आपापल्या काळाची छाप घरावर पाडली, आणि तिघांनाहि आधींची छाप पुसून टाकण्याचें निमित्त होतें. सॅण्डिसला भीति होती, चॅलोनर चूटला पक्ष होता, जॉन चूटला मित्राची हौस होती. त्यांपैकीं कोणीहि साधु नव्हता. पहिल्यानें निष्पाप स्त्रीच्या विरुद्ध मत दिलें, दुसऱ्यानें अर्धा वाडा पाडला, तिसऱ्यानें मंदिरांत रंगाचे खोटे खांब उभे केले. तथापि एका मर्यादेपलीकडे कोणाचाच हात गेला नाहीं. आपल्या आधींच्याचा देव, राजा किंवा स्नेही आपल्याला पटत नसला तरी तो या घरांत होऊन गेला, एवढी साक्ष तरी राहूं द्यावी, असें प्रत्येकाला कोठें तरी वाटलें असलें पाहिजे.

बेसिंग हाउसच्या जागीं आज हिरवळीखालचे पाये आहेत. तेथें कोण जिंकलें तें कळतें. तेथें कोण राहत होतें तें कळत नाहीं. व्हाइनला ओकाच्या दालनांत डाळिंबाचें एक लहानसें चिन्ह अजून आहे. तें कोरणाऱ्या सुतारानें बिया दिसाव्या म्हणून त्याची साल मधोमध उकलून दाखविली आहे.